नदीमुखावर पक्षी पाहायचे तर भरतीची वेळ बघून निघा

सरत्या शरदात नदीकाठानं समुद्रापर्यंत पक्षी पाहत जायचं म्हटलं की सल्ला एकच मिळतो: पहाटे लवकर निघा. नदीपुरतं ते बरोबर आहे. मुखाशी मात्र पहाटेला फारशी किंमत नाही, तिथले पक्षी पाण्याच्या हिशोबानं हलतात. पूर्ण ओहोटीला पोचलात तर लांबवर चिखलात ठिपके दिसतील, ऐन भरतीला पोचलात तर नुसतं पाणी.

म्हणून आधी दिवस निवडा. पूर्ण भरती सकाळी दहाच्या सुमारास येईल असा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे हा रविवार हुकला तर पुढचा चालेल असं नाही. पंधरवड्यानं मात्र वेळ जवळपास तीच येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बहुतेक चिखल बुडतो आणि पक्षी काठाकडे रेटले जातात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात कमी चढणाऱ्या भरतीला, बराच चिखल उघडा राहतो, पक्षी लांबच थांबतात. सोयीची वेळ आणि उधाण जुळत नसेल तर वेळ सोडा, उधाण धरा. भरतीच्या वेळांचा तक्ता बहुधा बंदराचा असतो. नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते.

नदीचा टप्पा सोपा. उजाडताना निघा, सावकाश चाला. खंड्या, धोबी, बगळे आपसूक दिसतात. तासभर पुरे.

मुखाशी भरतीच्या अडीच तास आधी पोचा आणि बसा. चालणारा माणूस पक्ष्यांना लांबून दिसतो, बसलेल्याकडे पाणी त्यांना आणून सोडतं. सूर्य पाठीशी हवा. समोरून ऊन आलं की सगळे पक्षी काळेच दिसतात. चिखलात उतरू नका. पाणी समोरून येताना दिसत असतं, पण आधी भरतात ते तुमच्या मागचे चर, आणि परतीची वाट कंबरभर पाण्याखाली जाते. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते. तेव्हा स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवरची एका डोळ्यानं बघायची दुर्बीण) ६० पटीवर नेऊन काही मिळत नाही, २५-३० वर ठेवा.

आता खरी अडचण. या दिवसांत बहुतेक किनारी पक्षी विणीचा रंग टाकून करडे झालेले असतात, त्यात त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं मिसळलेली. पुस्तकातल्या चित्राशी रंग जुळवत बसलात तर सकाळ जाईल. रंग शेवटी बघा. आधी बघा तो खातो कसा. चार पावलं पळून थबकतो, टिपतो आणि पुन्हा पळतो, तो चिखल्या. चोच खाली घालून शिवणयंत्रासारखा टोचत राहतो, तो तुतवारांच्या कुळातला. पाण्याकडेला शेपूट सतत खालीवर हलवणारा एकटा पक्षी बहुधा सामान्य तुतवार. मग चोच डोक्याच्या लांबीशी मोजा, सरळ की वाकडी ते बघा, पायांचा रंग नोंदवा.

तरीही अडलात तर तो स्वतःहून उडेपर्यंत थांबा. करडा चिखल्या उभा असताना गोंधळात टाकतो, उडाला की पंखाखाली बगलेत काळा डाग दिसतो आणि विषय संपतो. लाल पायाच्या तुतवाराच्या पंखांची मागची कड पांढरीशुभ्र असते. हिरव्या पायाच्या पंखांवर पट्टा नसतो, पाठीवर पांढरी पाचर असते आणि उडताना तो बहुधा ‘त्यू-त्यू-त्यू’ असं तीनदा ओरडतो. हे दिसावं म्हणून दगड मारणारे, टाळ्या वाजवणारे लोक असतात. त्यांना सोबत नेऊ नका.

मोजणी थव्याची असेल तर दहा पक्षी मोजा, तेवढा गठ्ठा डोळ्यात धरा आणि थव्यावर पुढे सरकवत न्या. अख्खा थवा एकदम उठून पिळवटला तर लगेच वर बघा, बहिरी ससाणा असू शकतो.

भरती पूर्ण झाली की थवे एका उंचवट्यावर दाटीनं उभे राहून झोपतात. तिथं जवळ जाऊ नका. झोपलेल्यांनी माना वर काढल्या तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात, मागे व्हा. पुन्हा ओहोटी लागेपर्यंत त्यांना खायला मिळत नाही आणि प्रत्येक उड्डाण अंगातल्या चरबीतून जातं.

परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यानं धुऊन उघडे वाळवा. वाळू आणि मीठ राहिलं की सांधे घट्ट बसतात.