मॉस्को म्यूल घरी करताना आल्याचा झणका कसा टिकवावा

मॉस्को म्यूल या कॉकटेलचा मॉस्कोशी काडीचाही संबंध नाही. त्याचा जन्म १९४१च्या सुमारास अमेरिकेत झाला, असे मानले जाते. लॉस एंजेलिस येथील सनसेट बुलेव्हार्डवरील ‘कॉक अँड बुल’ या पबचे मालक जॅक मॉर्गन यांच्याकडे जिंजर बिअरचा, म्हणजे आल्याच्या तिखट, फसफसणाऱ्या पेयाचा, साठा पडून होता, आणि ह्युब्लाइन कंपनीचे जॉन मार्टिन यांच्याकडे स्मिरनॉफ व्होडका पडून होती. या व्होडकाचे अमेरिकेतील हक्क कंपनीने १९३९ मध्ये घेतले होते, परंतु तिला गिऱ्हाईक मिळत नव्हते. न खपणाऱ्या दोन मालांची गाठ पडली आणि हे पेय निघाले, अशी हकीकत सांगितली जाते. श्रेय नेमके कोणाचे यावर मतभेद आहेत. मात्र व्होडकाला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि या पेयाचा सगळा भार आल्यावर असतो, यावर मतभेद होऊ नये. तरीही बहुतेक पाककृती व्होडकाच्या ब्रँडवर दोन परिच्छेद खर्च करतात आणि आल्याला एका ओळीत उरकतात. येथे नेमके उलट केले आहे.

महाराष्ट्रात व्होडका घेण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो, हे वाचकास ठाऊक आहे असे मी धरून चालते. व्होडका मध्यम किमतीची, साधी, कोणताही स्वाद न मिसळलेली घ्यावी. हिरवे सफरचंद, संत्रे किंवा व्हॅनिलाच्या वासाची बाटली घरात असेल, तर ती दुसऱ्या कामासाठी ठेवावी. व्होडकाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

मूळ कृतीत व्होडका आणि लिंबाच्या रसाबरोबर जिंजर बिअर असते, आणि ती आपल्याकडे मोठ्या शहरांतील मोजक्या दुकानांतच मिळते. सहज मिळते ती जिंजर एल. दोन्ही एकच, असे विक्रेता सांगेल; त्यावर विश्वास ठेवू नये. जिंजर एल हे सौम्य आणि गोड पेय आहे. त्यात व्होडका घातली की तयार होते ते साखरेचे मद्य, ज्यात आले कुठून तरी लांबून हाक मारल्यासारखे जाणवते. म्हणून आल्याचा गोड अर्क घरी करावा आणि वरून साधा सोडा ओतावा. यात खर्च कमी येतो आणि तिखटपणा आपल्या हातात राहतो.

आता मुख्य टप्पा. ‘आले ठेचून साखरेच्या पाण्यात अर्धा तास उकळावे आणि गाळून घ्यावे’ हा सल्ला इतक्या ठिकाणी दिलेला असतो की तो खराच असणार असे वाटू लागते, आणि मलाही कितीतरी काळ याच टप्प्याने छळले. या पद्धतीने केलेल्या पाकाला आल्याचा वास येतो, घसा उबदार होतो. पण जिभेच्या टोकावर जो झणका बसायला हवा तो बसत नाही. याचे कारण साधे आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या द्रव्यामुळे असतो. आले शिजवले की त्याचा काही भाग झिंजेरोनमध्ये बदलतो, जे बरेच सौम्य आणि किंचित गोडसर वासाचे असते. आले वाळवले की मात्र शोगाओल तयार होते, जे जिंजेरॉलपेक्षाही तिखट असते; सुंठ आल्यापेक्षा अधिक का झोंबते याचे उत्तर तेथे आहे. म्हणून सुंठपूड घालावी का, असे कोणी विचारील. घालू नये. ती विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी गाळ होऊन बसते आणि सगळ्या पेयाला सर्दीच्या काढ्याची चव येते.

उकळण्याची सवय आपल्या हाताला चहामुळे लागलेली आहे. कच्चे आले थेट दुधात पडले तर त्यातील प्रथिने तोडणाऱ्या विकरामुळे (एन्झाइममुळे) दूध फाटते, म्हणून आपण आले आधी पाण्यात उकळतो आणि दूध मागाहून घालतो. या पेयात दूध नाही. तेव्हा आले विस्तवाजवळ न्यायचेच नाही, एवढा एक नियम पाळला तरी अर्धे काम झाले.

आले जुने घ्यावे. हिवाळ्यात बाजारात येणारे नवे, पातळ सालीचे, रसरशीत आले लोणच्याला उत्तम असते, पण त्याचा रस पाणचट निघतो. पुढे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मिळणारे जाड सालीचे, तंतुमय, मोडताना कडकन आवाज करणारे गड्डे या कामाचे. सुरकुतलेले आणि दाबल्यावर मऊ लागणारे आले मात्र जुने नसून शिळे असते. पाव किलो आले घ्यावे, स्वच्छ धुवावे, चमच्याच्या कडेने साल खरवडावी आणि बारीक किसणीवर किसावे. मिक्सर चालतो, परंतु मिक्सरमध्ये आले फिरेनासे झाले की पाणी घालण्याचा मोह होतो, आणि एकदा पाणी पडू लागले की किती पडले याचा हिशेब राहत नाही. अगदीच अडले तर दोन चमचे घालावे, त्याहून अधिक नाही. तयार आले-लसूण पेस्टच्या शेजारी मिळणारी नुसत्या आल्याची पेस्टही येथे वापरू नये, कारण ती टिकावी म्हणून तिच्यात बहुधा मीठ आणि आम्ल घातलेले असते.

कीस मलमलीच्या फडक्यात घेऊन पिळावा. श्रीखंडासाठी चक्का बांधण्याचे फडके यासाठी घेऊ नये. आल्याचा वास दोन-तीन धुण्यांनंतरही जात नाही आणि पुढच्या श्रीखंडात तो बरोबर सापडतो. पिळताना घाई करू नये. पहिल्या पिळ्यात रस भरभर येतो. मग फडके सोडून कीस हाताने सैल करावा, पुन्हा पुरचुंडी बांधावी आणि पुन्हा पिळावे. दुसऱ्या पिळ्याचा रस थोडा असतो, पण पहिल्याइतकाच कामाचा असतो. पाव किलो आल्यातून साधारण १०० ते १२० मिलीलिटर रस निघतो. आले फार तंतुमय असेल तर त्याहून कमी निघेल.

येथपर्यंत सगळे जण नीट येतात आणि पुढची पायरी वगळतात. निघालेला रस लगेच वापरायचा नसतो. तो उभ्या, पारदर्शक काचेच्या पेल्यात ओतून फ्रिजमध्ये अर्धा तास न हलवता ठेवावा. रस आधी मातकट पिवळा आणि गढूळ दिसतो. थोड्या वेळाने वरचा भाग निवळू लागतो आणि तळाशी बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा पांढरा, घट्ट थर बसतो. हा आल्यातील स्टार्च. पेला हळूहळू तिरका करून वरचा रस दुसऱ्या भांड्यात ओतावा आणि पांढरी रेघ काठाकडे सरकताना दिसली की तेथेच थांबावे. उरलेल्या दोन चमच्यांचा लोभ धरला तर अर्धा तास वाया जातो. हा स्टार्च पेयात राहिला तर जिभेला पिठूळ लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे सोडा ओतताच त्याच्या कणांवर बुडबुडे धरून पेय फसफसत वर येते, ओट्यावर सांडते आणि उरते ते बेचव, वायू निघून गेलेले पाणी. रस गरम केला तर गोष्ट आणखी बिघडते, कारण स्टार्च शिजतो आणि पातेल्यात कपड्यांना घालायच्या खळीसारखा चिकट लगदा होतो. ‘पाक आपोआप दाट झाला’ म्हणून कोणी आनंदाने सांगितले, तर त्यांच्या भांड्यात खळच आहे असे खुशाल समजावे.

निवळलेल्या रसात साखर थंडच विरघळवावी. १०० मिलीलिटर रसाला १०० ग्रॅम साखर हे माझे प्रमाण आहे. साखर घरीच मिक्सरवर दळून घ्यावी. बाजारातील आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नफ्लोअर मिसळलेले असते, आणि आपण नुकताच काढून टाकलेला स्टार्च मागच्या दाराने पुन्हा आत येतो. साखर घालून झाकणाच्या बाटलीत सगळे हलवावे, दहा मिनिटे थांबावे, पुन्हा हलवावे. दाणे दिसेनासे झाले की अर्क तयार. तो साधारण १६० मिलीलिटर होतो आणि आठ पेल्यांना पुरतो. गुळाचा प्रयोग अवश्य करावा असे सांगणारे भेटतात. गूळ आल्याला शोभतो, यात शंका नाही, पण त्याचा स्वतःचा वास इतका ठाम असतो की लिंबू मागे पडते. म्हणून या पेयात मला पांढरी साखरच योग्य वाटते.

अर्क काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याची धार पुरेपूर असते, नंतर ती उतरत जाते. आठवड्यानंतर तो चहात संपवावा. त्यात लिंबाचा रस आधीच मिसळून ठेवू नये. पिळून ठेवलेल्या लिंबाला कडवट चव येते.

बाकीचे काम दोन मिनिटांचे आहे. उंच पेला बर्फाने काठोकाठ भरावा. बर्फ कमी घातला तर तो लवकर वितळतो आणि पेय पातळ होते, जास्त घातल्याने नाही. त्यावर ६० मिलीलिटर, म्हणजे एक मोठा पेग व्होडका, २० मिलीलिटर आल्याचा अर्क आणि १५ मिलीलिटर ताजा लिंबाचा रस घालून चमच्याने चांगले ढवळावे. मग नुकत्याच उघडलेल्या बाटलीतील गार सोडा १०० ते १२० मिलीलिटर, पेला किंचित तिरका धरून कडेने ओतावा. गार पाण्यात वायू अधिक धरून राहतो, त्यामुळे कोमट सोड्याची बाटली उघडण्यात अर्थ नाही. सोडा पडल्यावर चमचा फक्त एकदा तळापासून वर आणावा. लिंबाची एक फोड आणि हवा असेल तर पुदिन्याचा तुरा. चाट मसाला आणि काळे मीठ डब्यातच राहू द्यावे. गाडीवरचा लिंबू-सोडा मलाही प्रिय आहे, पण ते वेगळे पेय आहे.

चव पाहून फेरफार करताना एक लक्षात ठेवावे. पेय फार झोंबले तर साखर वाढवू नये, सोडा वाढवावा. फार गोड लागले तर अर्क कमी न करता लिंबू वाढवावे, कारण अर्क कमी केला की आलेही कमी होते. आपल्याकडील कागदी लिंबू परदेशी पाककृतींतल्या मोठ्या, बिनबियांच्या लिंबापेक्षा अधिक आंबट असते. तेथे ‘एका लिंबाचा रस’ लिहिलेले असले तरी मापानेच घालावा.

आता तांब्याच्या पेल्याबद्दल. मॉस्को म्यूल तांब्याच्या कानवाल्या पेल्यातच द्यावा, अशी रीत आहे आणि छायाचित्रांत तो फार देखणा दिसतो. मराठी घरात पाणी पिण्याचा तांब्याचा पेला असतोच, म्हणून तोच काढला जातो. तो काढू नये. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात कळकतात, म्हणजे धातू त्यांत उतरतो, म्हणून आपल्या आज्या ताक आणि आमटी कल्हईशिवायच्या भांड्यात ठेवू देत नसत, आणि त्यांचे म्हणणे रसायनशास्त्राला धरूनच होते. अमेरिकेच्या अन्नसुरक्षेच्या नियमावलीत ६ पेक्षा कमी सामू (pH; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट) असलेल्या पदार्थांचा तांब्याशी थेट संपर्क नको असे म्हटले आहे, आणि लिंबू घातलेल्या या पेयाचा सामू त्याहून पुष्कळच खाली असतो. त्याच आधारावर आयोवा राज्याच्या मद्यविभागाने २०१७ मध्ये नेमक्या याच कॉकटेलच्या तांब्याच्या पेल्यांबाबत सूचना काढली होती. एखाद्या पेल्याने लगेच कोणी आजारी पडेल असे नाही. पण आतून स्टीलचे किंवा निकेलचे अस्तर असलेला पेला मिळत असताना, नाहीतर साधा काचेचा ग्लास घरात असताना, हा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

आले, साखर आणि पाणी आंबवून खरी जिंजर बिअर घरी करावी, असाही एक पंथ आहे. ज्यांना आंबवण्याचा छंद आहे त्यांनी ती जरूर करावी, पण बंद बाटलीत तयार होणारा वायू किती साठला हे बाहेरून कळत नाही आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात आंबण्याचा वेग झपाट्याने वाढतो. काचेच्या बाटल्या फुटतात. करायचीच असेल तर सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत करावी, ती दाबून कडक लागली की ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवावी आणि या पेयासाठी तिची गरज मुळीच नाही हेही जाणून असावे.

मंडळी जास्त असतील तर व्होडकाच्या ७५० मिलीलिटरच्या बाटलीतून बारा पेले होतात. त्यासाठी १५० मिलीलिटर निवळलेला रस आणि तेवढेच ग्रॅम साखर लागेल, म्हणजे साडेतीनशे-चारशे ग्रॅम आले. व्होडका आणि अर्क जगमध्ये एकत्र करून सकाळीच फ्रिजमध्ये ठेवता येतो. लिंबू पाहुणे आल्यावर पिळावे आणि सोडा प्रत्येकाच्या पेल्यात स्वतंत्र ओतावा, जगमध्ये कधीही नाही. आले आणि साखर मद्याची चव झाकतात, त्यामुळे दुसरा पेला पहिल्यापेक्षा लवकर संपतो. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी आणि न पिणाऱ्यांसाठी थोडा जास्तीचा अर्क करून वेगळ्या बाटलीत काढून ठेवावा. २५ मिलीलिटर अर्क, २० मिलीलिटर लिंबू आणि वरपर्यंत सोडा घातला की त्यांचा पेलाही बाकीच्यांइतकाच झणझणीत होतो. फडक्यात उरलेला चोथा दुसऱ्या दिवशीच्या चहात जातो, आणि तेथे तो खुशाल उकळावा.