पोर्टल हायपरटेन्शनची क्लिनिकल ट्रायल: शोध कसा घ्यावा आणि सही करण्यापूर्वी काय तपासावे

सिरॉसिसमध्ये यकृत कडक होते, आतड्यांकडून त्यात येणाऱ्या पोर्टल शिरेतल्या रक्ताला वाट अपुरी पडते आणि त्या शिरेतला दाब वाढतो; यालाच पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. पुढे अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात किंवा पोटात पाणी साठते. या दाबावरच्या नव्या औषधांच्या चाचण्या बहुधा मोठ्या शहरांतल्या यकृतरोग विभागांत चालतात. त्यामुळे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या रुग्णाच्या कुटुंबाने प्रवासाला निघण्यापूर्वी घरबसल्याच बरेचसे पारखून घ्यावे.

शोधाची सुरुवात 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' म्हणजे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीपासून करावी. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेथे सिरॉसिस, पोर्टल हायपरटेन्शन, व्हॅरिसेस (फुगलेल्या शिरा) असे वेगवेगळे शब्द इंग्रजीत टाकून पाहावे, कारण एकाच शब्दाने सर्व नोंदी सापडत नाहीत. सापडलेल्या नोंदीत भरती सुरू आहे की संपली, केंद्रे कोणत्या गावी आहेत, नीतिमत्ता समितीची मान्यता मिळाली आहे का आणि संपर्क कोणाशी करावा, हे आधी पाहावे. कोणी ट्रायलचे नाव सांगत असेल पण नोंदणी क्रमांक देत नसेल, तर तेथे रुग्णाला नेऊ नये.

त्यानंतर प्रवेशाचे निकष वाचावेत. यकृताची अवस्था सांगणारे चाइल्ड-प्यू व मेल्ड हे गुण, अलीकडे झालेला रक्तस्राव, यकृताचा कर्करोग, पोर्टल शिरेतली गुठळी, मूत्रपिंडाची स्थिती आणि मद्यपान यांवरून अनेकदा प्रवेश ठरतो. म्हणून ताजे रक्ततपासणी अहवाल, सोनोग्राफी, दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल आणि चालू औषधांची यादी एका फाईलमध्ये लावून ठेवावी. काविळीवर म्हणून गावाकडे घेतलेले झाडपाल्याचे औषध किंवा अंगदुखीच्या गोळ्याही त्या यादीत लिहाव्यात. संकोचाने ही माहिती दडवली जाते, आणि ती दडवल्याने धोका रुग्णालाच होतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा: ही ट्रायल नेमके काय मोजणार आहे? अनेक चाचण्यांत 'एचव्हीपीजी', म्हणजे पोर्टल शिरेतला आणि यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेतला दाब यांतला फरक, मोजतात. त्यासाठी मानेतल्या शिरेतून, तेवढ्या जागेला भूल देऊन, बारीक नळी यकृताच्या शिरेपर्यंत नेतात. निरोगी माणसात हा आकडा साधारण १ ते ५ मिलिमीटर पारा असतो. १० किंवा अधिक झाल्यास गुंतागुंतींची शक्यता वाढते आणि १२ च्या पुढे शिरा फुटण्याचा धोका असतो. परंतु आकडा उतरला म्हणजे रुग्णाला प्रत्यक्ष लाभ झालाच, असे धरून चालत नाही. २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेली 'प्रेडेस्सी' ही स्पेनमधली चाचणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिने २०१ रुग्णांत बीटा-ब्लॉकर (पोर्टल शिरेतला दाब उतरवणारी) औषधे व प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) यांची तुलना करून आजार बिघडणे किंवा मृत्यू हेच मोजले, आणि ते प्रमाण औषध घेणाऱ्यांत १६ टक्के, तर प्लासिबो गटात २७ टक्के निघाले. तेव्हा डॉक्टरांना विचारावे की माझ्या रुग्णाला प्लासिबो मिळू शकतो का, आणि मिळाला तर प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल ही बीटा-ब्लॉकर औषधे, तसेच फुगलेल्या शिरांचे बँडिंग (त्यांना रबरी कडी बसवणे) हे प्रचलित उपचार चालू राहतील का. चालू असलेले उपचार ट्रायलच्या आशेने स्वतःहून बंद करू नयेत.

संमतिपत्रावर घाईने सही करू नये. नियमानुसार माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्या वृद्धाला छापील मराठी जड जात असेल, तर तसे स्पष्ट सांगून त्याच्या बोलीत समजावून घ्यावे. वाचता न येणाऱ्याच्या संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार असावा लागतो. ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या 'नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमां'त आहे. ती संमतिपत्रात कशी लिहिली आहे ते वाचावे आणि एक प्रत घरी आणावी. प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मिळेल का, हेही लेखी घ्यावे. पोटात पाणी असलेल्या रुग्णाने एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात लांबचा प्रवास टाळण्यासाठी तपासणीच्या तारखा पुढेमागे होतात का, हे आधीच विचारावे.

ट्रायल सुरू झाल्यावर रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर दूरच्या केंद्राच्या फोनची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात न्यावे, ट्रायलचे कार्ड तेथील डॉक्टरांना दाखवावे आणि उपचार सुरू झाल्यावर केंद्राला कळवावे.