नाताळची तयारी नोव्हेंबरातच

इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच नाताळचं जेवण घरी करणार असाल, तर आधी एवढं लक्षात ठेवा: विसरलेली वस्तू २५ डिसेंबरला धावत जाऊन आणता येत नाही. २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं त्या दिवशी कायद्यानेच बंद असतात. कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं असलं तर नशीब. लंडनची ट्यूब (भुयारी रेल्वे) आणि बसही बंद. ज्या पाहुण्याकडे गाडी नाही, त्याला २४ तारखेलाच मुक्कामाला बोलवा.

खरी सुरुवात मात्र महिनाभर आधी, नाताळच्या पुडिंगने, म्हणजे सुक्या फळांच्या वाफवलेल्या गोड पदार्थाने. दिवाळीचे डबे घासून ठेवले की 'स्टर-अप संडे' (ढवळण्याचा रविवार) येतोच. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या काळाच्या, आधीचा रविवार, २० ते २६ नोव्हेंबरच्या मधला. हे नाव चर्चमधल्या त्या दिवसाच्या प्रार्थनेतून आलं. प्रार्थनेत ढवळायची होती माणसांची मनं, लोकांनी ढवळलं पुडिंग! मनुका, बेदाणे, करंट्स, ब्रेडचा चुरा, गडद ब्राउन शुगर, अंडी, संत्र्याची पाकवलेली साल, जायफळ, ब्रँडी आणून ठेवा. 'प्लम पुडिंग' म्हणतात म्हणून आलुबुखार शोधत बसू नका. पूर्वी इंग्रजीत मनुकांनाही प्लम म्हणत. सुएटचं पाकीट मात्र नीट वाचा. ती सहसा गोवंशाची चरबी असते. घरात चालत नसेल तर 'व्हेजिटेबल सुएट' मिळतं.

ढवळायचं घरातल्या प्रत्येकाने, पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण बाळ येशूला भेटायला निघालेले तीन ज्ञानी त्याच दिशेने आले. ढवळताना मनात एक इच्छा धरायची. आत नाणं घालायची रीत आहे. घातलंत तर जेवणाऱ्यांना आधी सांगा, दातांचे डॉक्टरही सुट्टीवर असतात. मिश्रण भांड्यात भरा, वर बटर पेपर आणि फॉइल घाला, फुगायला जागा म्हणून त्यांना एक चुणी द्या आणि सुतळीने बांधा. मोदकपात्रात बसत असेल तर दुसरं पातेलं विकत घेऊ नका. पण हे काही मोदकांसारखं पंधरा मिनिटांचं काम नाही, सात-आठ तास वाफ लागते. पाणी आटत जाईल तसं उकळतंच घालत राहा. गार झालं की कागद बदलून थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा.

मग डिसेंबरात बाकीचं. क्रॅकर, म्हणजे दोन टोकांनी ओढून फोडायची कागदी नळी, माणशी एक. लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने १८४७च्या सुमारास काढलेली ही वस्तू. आतला कागदी मुकुट सगळे घालून जेवतात, तुम्हीही घाला. गोठवलेली टर्की फ्रीजमध्ये सुटायला किलोमागे दहा-बारा तास घेते, म्हणजे पाच किलोची असेल तर २२ तारखेलाच फ्रीझरमधून खाली काढा. दुपारी तीनला राजाचं भाषण असतं, १९३२ साली पाचव्या जॉर्जने रेडिओवर सुरू केलेलं. जेवण त्याआधी उरकायचं की नंतर वाढायचं, हे पाहुण्यांना विचारून ठेवा. यावर घराघरांत मतं ठाम असतात.

पुडिंग आदल्या रात्रीच ओट्यावर काढून ठेवा, त्या दिवशी पुन्हा दोन तास वाफ द्यायची आहे. वर खोचलेल्या हॉलीची लाल फळं विषारी असतात, मुलांच्या ताटात जाऊ देऊ नका. ब्रँडी पळीत कोमट करून घ्या, गार ब्रँडी पेट घेत नाही. दिवे घालवा, ब्रँडी पेटवून पुडिंगवर ओता, आणि स्मोक अलार्मच्या थेट खाली उभं राहू नका.