चिकन-भात पुरत नाही: कुत्र्यासाठी घरी रांधताना या चुका टाळा

चिंगी आमच्याकडे आली तेव्हा दोन महिन्यांची होती. गावठी, तांबूस, सतत भुकेली. "हिला बाहेरचं काही नको, घरचंच घालायचं," असं आईने पहिल्याच दिवशी ठरवलं. सकाळी दूध-पोळी, संध्याकाळी बिनहाडाचं उकडलेलं चिकन आणि भात. साडेचार महिन्यांची झाली तेव्हा ती जिना उतरताना मध्येच थांबायला लागली. पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, तर हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच पुसट दिसत होती. चिंगीला काय काय खाऊ घालतो हे आईने अगदी अभिमानाने सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "यात पुरेसं कॅल्शियम कुठून येतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. चिंगी सावरली, आता सहा वर्षांची आहे. डावा पाय जरासा वाकडा राहिला तो राहिलाच. तेव्हापासून कुणी "आम्ही घरचंच देतो" म्हटलं की मी आधी पातेल्यात काय नाही ते विचारते.

सगळ्यात मोठी चूक: कॅल्शियमचा विसर

100 ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस असतो साधारण 200 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम 10. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं, थोडं जास्त असलं तर उत्तम. ते मिळालं नाही की शरीर रक्तातली पातळी टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतं. पिल्लाची हाडं अजून घडत असतात, म्हणून त्याला फटका आधी बसतो. मोठं कुत्रं मात्र महिनोन्‌महिने धडधाकट दिसतं, आणि त्यामुळेच आपण बेफिकीर राहतो.

यावर घरोघरी तीन उपाय सांगितले जातात. पहिला, दूध. पण वाढत्या वयात बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचेनाशी होते आणि पोट बिघडतं. दुसरा, हाडांचं सूप. हाडं तासन्‌तास उकळली तरी पाण्यात कॅल्शियम फारच कमी उतरतं. तिसरा, नाचणी. ती चांगलीच आहे, पण हिशेब करून बघा. 15 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1 ग्रॅम कॅल्शियम लागतं. तेवढं नाचणीतून द्यायचं तर जवळजवळ 300 ग्रॅम पीठ लागेल, आणि त्याच्या उष्मांकांतच त्याचं दिवसभराचं जेवण संपून जाईल.

खरा उपाय कचऱ्याच्या डब्यात जातो: अंड्याची टरफलं. धुऊन दहा मिनिटं उकळा, खडखडीत वाळवा, मिक्सरमधून अगदी बारीक पूड करा आणि चाळा. 1 ग्रॅम पुडीत साधारण 370 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे वर सांगितलेल्या 15 किलोच्या कुत्र्याला रोज सुमारे 3 ग्रॅम, चहाचा अर्धा चमचा किंवा किंचित जास्त.

हे माप मोठ्या कुत्र्याचं आहे. पिल्लाला उष्मांकांच्या मानाने कॅल्शियम कितीतरी जास्त लागतं. पण लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियमही बाधतं, कारण आलेलं कॅल्शियम नको म्हणून अडवणं त्यांच्या आतड्यांना लहान वयात जमत नाही. दुकानदाराने दिलेलं सिरप मनाने सुरू करू नका. पिल्लाचं माप डॉक्टरांकडूनच घ्या.

आपल्या ताटातलं त्याच्या ताटलीत

कांदा आणि लसूण शिजवल्याने त्यांचं विष जात नाही. कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तर त्रास दिसतो, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे पुरे. लसूण त्याहून तीव्र. "तुकडा धुऊन दिला" याने काही साधत नाही, रस मांसात मुरलेला असतो. कुत्र्यासाठीचं मांस वेगळ्या कुकरच्या डब्यात, फोडणी आणि आलं-लसूण पेस्टच्या आधी काढून शिजवा. चिमूटभर हळद चालते.

द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नकोत. नाशिक-तासगावच्या बाजूला घरात हे नेहमीच पडलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगते. द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी का होतात हे कोडं बरीच वर्षं होतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणून आमच्याकडे चिंच-गुळाची आमटी कालवलेला भात बंद झाला.

चॉकलेट बहुतेकांना ठाऊक असतं. झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो कुत्र्याला विषारी असलेला गोड पदार्थ, ठाऊक नसतो: बिनसाखरेच्या पीनट बटरमध्ये आणि च्युइंगममध्ये तो असू शकतो. डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय देऊ नका.

शिजलेली हाडं कधीच नाहीत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. कच्चं मांसही नको. अंडं उकडून द्या. सुकट, बोंबील ही सुकी मासळी खारवलेली असते, ती टाळा. कलेजी पौष्टिक आहे म्हणून रोज वाटीभर देणारे पाहिले आहेत. अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं, तेव्हा एकूण जेवणाच्या विसाव्या हिश्श्याइतकी पुरे.

भात वाईट नाही, अंदाज वाईट

हल्ली भाताला उगाच नावं ठेवतात. कुत्रं माणसाच्या सोबतीने वाढलं, लांडग्याच्या मानाने त्याच्याकडे पिठूळ अन्न पचवणारं जनुक अनेक पटींनी आहे. बिघडतं ते डोळ्यांच्या मापाने वाढल्यामुळे. 15 किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 850 किलोकॅलरी लागतात. कच्च्या मापात 250 ग्रॅम बिनहाडाचं चिकन, 100 ग्रॅम तांदूळ, 100 ग्रॅम दुधी-गाजर-लाल भोपळा, एक अंडं, चमचाभर तेल एवढ्यात ते जवळपास भागतं. वजन करायचं ते शिजवायच्या आधी. 100 ग्रॅम तांदळाचा भात 300 ग्रॅमच्या आसपास होतो आणि तिथेच लोकांचा घोळ होतो.

आणि एवढं करूनही हे जेवण पूर्ण होत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाने 2013 मध्ये घरगुती श्वानआहाराच्या 200 पाककृती तपासल्या. त्यातल्या 95 टक्क्यांमध्ये किमान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता, आणि पशुवैद्यांनी लिहिलेल्याही त्यात होत्या. झिंक, ड आणि ई जीवनसत्त्व हे नेहमी निसटणारे. ड जीवनसत्त्वाबद्दल गैरसमज फार: कुत्र्याची कातडी उन्हात ते पुरेसं तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. घरच्या जेवणासाठी बनवलेलं खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण डॉक्टरांना विचारून रोज घालावंच लागतं.

शाकाहारी घरांत हे अधिकच लागू. पनीर, डाळ, सोयाबीन, अंडं चालत असेल तर अंडं, असा आहार नीट आखता येतो, पण बी-12 वनस्पतींत नसतं आणि नुसत्या दही-भातावर कुत्रं जगतं, निरोगी राहत नाही.

काहीतरी बिनसलंय, तर बघा

शी पातळ झाली तर नवा पदार्थ एकदम दिला होता का ते आठवा. जुन्या जेवणात मिसळत 7 ते 10 दिवसांत बदल करायचा असतो. शी पांढरट, भुगा होणारी असेल तर टरफलाची पूड जास्त होतेय. नाकाभोवती, पंजांवर खपल्या आणि केस रखरखीत झाले तर झिंकचा संशय घ्या. बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या तर जेवण कमी करा आणि घरातला कोण गुपचूप पोळी देतोय ते शोधा. सणाच्या तळणीनंतर वारंवार उलट्या आणि पोटाला हात लावू न देणं, हे स्वादुपिंडाला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. त्याला घरी दही-भात देत बसू नका.

हिरड्या पांढुरक्या आणि लघवी लालसर-तपकिरी दिसली तर कांदा खाल्ला होता का हे जरूर सांगा, कारण परिणाम काही दिवसांनी दिसतो. पण आपल्याकडे गोचीड-तापातही असंच होतं, तेव्हा "कांद्यामुळेच असेल" म्हणत घरी थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. जाताना आठवडाभराचं जेवण ग्रॅममध्ये लिहून न्या, बिस्किटांसकट. चिंगीच्या वेळी आमच्याकडे तेवढी वही असती, तर दीड महिना आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.