स्कॉलरशिप वजा करून मिळालेलं कर्ज

2018च्या ऑगस्टमध्ये बँकेच्या मॅनेजरनं माझ्या कर्जाच्या कागदावर एक वजाबाकी केली. त्या वजाबाकीचं व्याज आम्ही गावात भरलं.

दारव्हा तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि सोयाबीन. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, अमरावतीला इंजिनिअरिंगला नंबर लागला. वर्षाची फी 84,000 रुपये. त्यात शिक्षण शुल्क 74,000, बाकी विकास शुल्क. खोली आणि मेस धरली तर आणखी 45,000. ओबीसी मुलांना शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम सरकार स्कॉलरशिप म्हणून देतं, म्हणजे माझे 37,000. मॅनेजरनं ते खर्चातून आधीच काढून टाकले. उरले वर्षाचे 92,000, चार वर्षांचे 3,68,000. "चार लाखांच्या आत बसलं. मार्जिन नाही, तारण नाही," ते म्हणाले. मार्जिन म्हणजे खर्चातला आपल्या खिशातून घालायचा वाटा. बाबांना साहेब भला माणूस वाटला. होताही. आणि त्यांनी केलं ते नियमातच होतं. बँकांच्या मॉडेल शैक्षणिक कर्ज योजनेत कर्जाची गरज काढताना शिष्यवृत्ती आणि फीमाफी हिशेबात धरता येते.

फक्त स्कॉलरशिप येण्याची तारीख आणि कॉलेजला फी भरायची तारीख एक नव्हती. कॉलेज म्हणालं, स्कॉलरशिप तुझ्याच खात्यात येते, आम्हाला पूर्ण फी आत्ता पाहिजे. बँकेचा डीडी 47,000चा. सोयाबीन निघायला दोन महिने. शेवटी कृषी केंद्रवाल्याकडून 37,000 घेतले, महिन्याला शेकडा तीननं. चार महिन्यांचे 4,440 रुपये व्याज गेलं. बँकेचं व्याज किती, यावर घरात आम्ही आठवडाभर खल केला होता!

बरं, पुढच्या उशिराचं खापर मी सरकारवर फोडणार नाही, निम्मा माझा होता. महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज आधी परत आला, कारण उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा जोडला होता. सेतू केंद्रातून नवा काढून पुन्हा भरला. मग मंजुरी दिसायला लागली, पण पैसे दिसेनात. बाबा रोज फोनवर, "पैशे आले का बे?" मी कर्जाच्या बँकेत पासबुक भरून पाहत होतो, अन् रक्कम पडली होती गावच्या जनधन खात्यात, जे मी विसरूनच गेलो होतो. आधारवर येणारा पैसा तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधार शेवटी ज्या खात्याशी जोडलं त्या खात्यात जातो. नुसतं "आधार लिंक आहे" म्हणून भागत नाही. बँकेत जाऊन एनपीसीआय मॅपिंग, म्हणजे आधारवरचे पैसे कुठे पाठवायचे याची नोंद, कोणत्या खात्याला आहे ते विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. बँकांच्या त्याच मॉडेल कर्ज योजनेत दुसरी वाट आहे, ती मला कोणी सांगितली नाही. शिष्यवृत्ती वजा न करता पूर्ण खर्चाचं कर्ज मंजूर करून घेता येतं. मग शिष्यवृत्ती येईल तेव्हा ती कर्जखात्यात जमा करायची असते. माझ्या बाबतीत ते 5,16,000 झाले असते. चार लाखांच्या वर गेलं की भारतातल्या शिक्षणासाठी 5 टक्के मार्जिन, म्हणजे 25,800 आपले. आणि मार्जिनमध्ये शिष्यवृत्ती धरता येते. शिकतानाच्या काळात सरळव्याज लागतं, शिष्यवृत्ती पडली की मुद्दल खाली येतं. कृषी केंद्राची पायरी चढायची गरज नव्हती.

म्हणून बँकेत जायच्या आधी कॉलेजच्या क्लर्कला गाठा. प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी घेणार की सरकारचा वाटा सोडून, आणि स्कॉलरशिप कोणाच्या खात्यात येणार, हे लेखी घ्या. सरकारचा वाटा सोडून घेत असतील तर मॅनेजरची वजाबाकी बरोबर, कर्ज कमीच काढा. पूर्ण घेत असतील तर तो कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवा आणि पूर्ण खर्चाचं कर्ज मागा. माझ्याकडे तो कागद नव्हता, नुसतं तोंड होतं.

धाकट्या बहिणीच्या वेळी गणित वेगळंच निघालं. 8 जुलै 2024च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट उत्पन्न 8 लाखांपर्यंत आणि प्रवेश कॅपमधून. मॅनेजमेंट कोट्यातली मुलगी त्यात नाही. बँकेत पहिला प्रश्न, "फी माफ आहे, मग कर्ज कायले पाहिजे?" तिनं कॉलेजचं खर्चाचं पत्रक पुढे केलं. त्यात विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं, सगळं ओळीनं होतं. माफी यातल्या कशालाच लागू नाही. तेवढंच छोटं कर्ज झालं.

पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेची 3 टक्के व्याज सवलत तिला मिळणार नव्हती. इतर सरकारी शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्यांना ती नाही, हे मॅनेजरनंच आधी सांगितलं. राहण्याच्या खर्चासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज भरलाय. जिल्ह्याला 600 जागा असतात, यादी अजून लागायची आहे. यावेळी मॅपिंग मात्र तिनं आधीच तपासून ठेवलंय.