जुनी गाडी अ‍ॅव्हरेज देईना: कुठून शोधायला सुरुवात करावी

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर किंवा इंधनाच्या काट्यावर विसंबू नका. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा कट होईल तिथेच थांबा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान ३०० किमी चालवून पुन्हा तशीच टाकी भरा, जमल्यास त्याच नोझलवर. किलोमीटर भागिले लिटर. असं तीनदा करून सरासरी काढा, कारण एक-दोन लिटर इकडेतिकडे नुसते भरण्यातच होतात. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवलेले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज उगाच पडलेलं दिसतं. २०-३० किमीचं अंतर फोनच्या जीपीएसशी ताडून पाहा.

आकडा खरोखरच कमी निघाला, तर पुढचा प्रश्न: गाडी ओढायला जड झालीय की इंजिनच जास्त पितंय? सपाट, मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात न्यूट्रल करा आणि गाडी किती लांब घरंगळते ते पाहा. इंजिन चालूच ठेवा, नाहीतर ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतील. उलट दिशेनेही करा, म्हणजे उतार-वाऱ्याचा फरक कळेल. गाडी चटकन अडखळून थांबत असेल तर बॉनेट उघडायची घाई नको.

टायरची हवा थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा घ्यायचा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. त्यानंतर ब्रेक. जुन्या गाडीत अ‍ॅव्हरेज खाणारं आणि तरीही कुणी न पाहणारं हे ठिकाण. दहा-पंधरा किमी चालवून, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरून थांबा आणि प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न टेकवता धग जोखा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय. जॅक लावून (विरुद्ध बाजूच्या चाकांना अडण घालून) ते हाताने फिरवा. जाम असेल तर कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा सैल करा. चाक लगेच मोकळं झालं, तर दाब आत अडकतोय: बहुधा रबरी ब्रेक होज आतून फुगून बंद झालाय. तरीही जाम राहिलं, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना गंजल्यात. पिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावा, साधं नको. त्याने रबर फुगतं. फक्त मागची चाकं जड असतील तर हँडब्रेकची केबल पाहा. सैल केलेला निपल घट्ट करून ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

गाडी छान घरंगळत असेल तर इंजिनकडे वळा, आणि आधी तापमान बघा. इंजिन थंड आहे असं ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटलं की तो जास्त इंधन सोडत राहतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असतो, किंवा कधीकाळी गाडी गरम होते म्हणून कुणीतरी तो काढूनच टाकलेला असतो! थंड इंजिन चालू करून रेडिएटरचा वरचा होज चाचपा. बहुतेक गाड्यांत तो बराच वेळ गार राहून साधारण ८२ ते ९० अंशांना एकदम तापायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बदला. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर तपासायला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र) हवा: रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे.

स्कॅनर लावलाच आहे तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्या इंधनात सतत किती टक्के वाढ-घट करतोय तो आकडा) बघा. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नाही. उणे १५ म्हणजे कुठून तरी जादा पेट्रोल येतंय. रिटर्न लाइनच्या (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या) जुन्या गाडीत इंजिन थंड असतानाच पेट्रोलचा दाब राखणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम होज काढून पाहा. त्यात पेट्रोल ओलं दिसलं तर रेग्युलेटरचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटलाय. नसेल तर गळणारा इंजेक्टर किंवा उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) शोधा. अधिक १५ असेल तर व्हॅक्यूम गळतीबरोबर (इंजिनात फटीतून शिरणाऱ्या जादा हवेबरोबर) ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आधीची सायलेन्सरच्या पाइपची गळतीही तपासा; बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटंच ‘इंधन कमी आहे’ सांगतो. सेन्सर साध्या (नॅरोबँड) प्रकारचा असेल तर गरम इंजिनावर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर हेलकावे खातं. ०.४५ च्या आसपास रेंगाळत असेल तर त्याचे दिवस भरले.

एअर फिल्टरवर मात्र फार आशा ठेवू नका. इंजेक्शनच्या गाडीत मळलेल्या फिल्टरने पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज फारसं नाही. कार्बोरेटरच्या गाडीत तो खरोखर महाग पडतो. तिथे अर्धवट अडकलेला चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणारी झडप) आणि फ्लोटची (कार्बोरेटरमधलं पेट्रोल ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या तरंगत्या भागाची) झिजलेली नीडलही पाहा. डिझेलमध्ये काळा धूर दिसला तर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा) आणि टर्बोचे होज तपासा.

स्पार्क प्लग थंड इंजिनावरच काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. गॅप मॅन्युअलप्रमाणे, साधारण ०.८ ते १.१ मिमी. प्लग निघालेच आहेत तर कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्या: इंधन आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.