घरातील इलेक्ट्रॉनिक वस्तू निवडताना: आधी काय बिघडेल?

टीव्ही, वॉशिंग मशीन, फ्रिज किंवा मोबाइल घेताना आपण बहुधा किंमत आणि वैशिष्ट्यांची यादी यांची तुलना करतो. वस्तू पहिल्या दिवशी काय करील, एवढेच ती यादी सांगते. सातव्या वर्षी ती चालू असेल का, याचे उत्तर तिच्यात नसते. कोणतेही उपकरण एकाच वेळी सगळे जुने होत नाही. त्यातला एखादा भाग आधी निकामी होतो आणि तो बदलता आला नाही, तर उरलेले सुस्थितीतले भागही त्याच्यासोबत भंगारात जातात. म्हणून खरेदीपूर्वी दोन गोष्टी शोधाव्यात: या वस्तूत आधी काय बिघडण्याची शक्यता आहे आणि तो भाग बदलून मिळेल का.

बहुतेक उपकरणांत पहिला संशयित असतो वीजपुरवठ्याचा बोर्ड, आणि त्या बोर्डावरही इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज तात्पुरती साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग. त्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू कमी होतो. तापमान १० अंशांनी कमी राहिले की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास, म्हणजे अखंड चालवल्यास साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ टिकेल, तर ५५ अंशांना सात वर्षांहून अधिक. दोन उपकरणांमधला हा फरक कधी कधी केवळ हवा खेळण्याच्या झरोक्यांचा असतो. त्यामुळे राउटर, सेट-टॉप बॉक्स किंवा साउंडबार पाहताना झरोके कुठे आहेत, पाठीमागे किती मोकळी जागा सोडावी असे पुस्तिकेत लिहिले आहे आणि तेवढी जागा आपल्या कपाटात आहे का, हे आधी तपासावे. एलसीडी प्रकारच्या टीव्हीत पडद्यामागच्या एलईडी पट्ट्यांनाही उष्णतेचाच त्रास होतो. दुकानात दाखवण्यासाठी ठेवलेली झगझगीत प्रकाशमानता घरी आल्यावर कमी केली, तर चित्रही डोळ्यांना सुखद वाटते आणि पट्ट्यांवरचा ताणही घटतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर २५,००० तास छापलेले असले, तरी बंद काचेच्या आवरणात त्याचा ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारे आतले सर्किट) त्यापेक्षा पुष्कळ आधी जाऊ शकतो.

मोबाइल, टॅब्लेट, लॅपटॉप, कानातले वायरलेस हेडफोन या साऱ्यांत आधी थकते ती बॅटरी. ती झिजणारच, प्रश्न एवढाच की ती स्क्रूंनी बसवलेली आहे की गोंदाने चिकटवलेली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांच्या बॅटरीने ८०० चार्जिंग आवर्तनांनंतरही (एक आवर्तन म्हणजे एकदा पूर्ण चार्ज होऊन रिकामे होणे) मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता राखावी, असा नियम लागू झाला आहे आणि तेथील ऊर्जा लेबलवर दुरुस्तीसुलभतेची श्रेणीही दिलेली असते. आपण दुसरीकडे राहत असलो, तरी तेच मॉडेल तेथे विकले जात असेल, तर ही माहिती शोधून पाहण्याजोगी आहे. चिमुकल्या वायरलेस हेडफोनच्या बाबतीत मात्र बॅटरी बदलणे बहुधा व्यवहार्य नसते. ज्यांना एकच जोडी दीर्घकाळ वापरायची आहे, त्यांनी वायरचा आणि शक्यतो वायर वेगळी काढता येणारा हेडफोन घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॉशिंग मशीनमध्ये मोटारीच्या दहा वर्षांच्या वॉरंटीची जाहिरात ठळक अक्षरांत असते. ती वॉरंटी अनेकदा फक्त मोटारीची असते. कंट्रोल बोर्ड, पाण्याचा पंप, दाराचे रबर आणि मजुरी यांचा तिच्यात समावेश आहे का, हे वॉरंटी कार्डावर वाचावे. फ्रिजच्या कॉम्प्रेसरबाबतही हेच. याहून महत्त्वाची चौकशी बेअरिंगची, म्हणजे ज्याच्या आधारे ड्रम फिरतो त्या भागाची. काही मशीनच्या बाहेरच्या टबचे दोन अर्धे स्क्रूंनी जोडलेले असतात, तर काहींचे कायमचे सांधलेले असतात. दुसऱ्या प्रकारात छोटेसे बेअरिंग खराब झाले तरी अख्खा टब-ड्रमचा संच बदलावा लागतो आणि तो खर्च ऐकून लोक नवे मशीन घेतात. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल, तर सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाला विचारावे. त्याच्याकडे आठवडाभर कोणत्या तक्रारी येतात, यावरून जे कळते ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

ज्या वस्तू इंटरनेटशी जोडलेल्या असतात, त्यांचे आयुष्य यंत्रभागांखेरीज कंपनीच्या सर्व्हरवरही अवलंबून असते. रिव्हॉल्व्ह हे घरातील स्मार्ट उपकरणे चालवणारे साधन २०१६ मध्ये कंपनीने सेवा थांबवल्यामुळे निरुपयोगी झाले, यंत्रात काहीही बिघाड नसताना. त्यामुळे इंटरनेट बंद असताना वस्तूचे मुख्य काम चालते का, बटणे वस्तूवरच आहेत की सारे ॲपवर आहे आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत देण्याचे लेखी आश्वासन आहे, हे पाहावे. फ्रिज आणि ओव्हन यांच्यासारख्या दीर्घकाळ वापरायच्या वस्तूंत तर मी साधे मॉडेलच सुचवीन.

ग्राहकांचे अभिप्राय वाचताना पहिल्या आठवड्यात लिहिलेली स्तुती बाजूला ठेवावी आणि वर्ष-दोन वर्षे वापर झाल्यावर लिहिलेल्या मजकुराकडे लक्ष द्यावे. एकट्यादुकट्या संतापापेक्षा एकाच भागाबद्दल अनेकांनी केलेली तीच तक्रार अधिक बोलकी असते. मात्र मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवून पाहावा, कारण एकाच नावाखाली आतले भाग वेगळे असू शकतात.

वस्तू घरी आल्यावर ती खोक्यात पडून राहू देऊ नये. निर्मितीतले दोष बहुधा सुरुवातीच्या काळातच उघड होतात. म्हणून परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येक पोर्ट, प्रत्येक बटण आणि प्रत्येक कार्यक्रम चालवून पाहावा, बिलाचा फोटो काढून ठेवावा आणि वीजदाब अस्थिर असल्यास सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे वीजदाबाच्या अचानक झटक्यांपासून वाचवणारे साधन, लावावा. त्यातला संरक्षक घटक प्रत्येक मोठ्या झटक्यासरशी झिजतो, म्हणून संरक्षण चालू असल्याचा दर्शक दिवा असलेला प्रोटेक्टर घ्यावा आणि तो दिवा विझल्यास प्रोटेक्टर बदलावा, जरी त्यातून वीज येत असली तरी.